काट्यावरचा प्रोसेसर

कडाव
२० जानेवारी २०२५

आदरणीय झहीरचाचा,
सप्रेम जयभीम.

यंत्राचा पंखा फिरतोय, दिवा लागलाय, पण पडद्यावर काहीच येत नाही. अशा वेळी ते चालू आहे म्हणायचं की बंद? काल भाग्यश्रीने मला हे विचारलं. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. त्यामुळे आळीतले लोक मला काहीही विचारतात आणि मीही काहीतरी सांगते. काल मात्र मी तिला म्हटलं, चाचांना विचारते.

सविस्तर लिहिते. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मी घाईत अर्धंच सांगते, म्हणून पोशादादांच्या दुधाच्या टेंपोतून हे पत्र पाठवते आहे.

तुम्ही तुमच्या दुरुस्तीच्या दुकानातून विहाराच्या अभ्यासिकेला दिलेला डेस्कटॉप आजवर उत्तम चालला. अडचण फक्त परीक्षेची आहे. आळीतल्या सोनुबाईंच्या मुलीची, भाग्यश्रीची ऑनलाइन परीक्षा रविवारी, ९ फेब्रुवारीला सकाळी अकराला आहे. पास झाली तर नवी मुंबईच्या एका संस्थेत सहा महिने डेटा एंट्रीचं प्रशिक्षण, राहायची सोय आणि पुढे नोकरी. परीक्षा घरूनच द्यायची, पण मोबाइलवर चालत नाही. पूर्ण वेळ कॅमेरा सुरू हवा आणि खोलीत दुसरं कोणी नको, म्हणून सायबर कॅफेही नाही. सरावात कॅमेरा सुरू केला की आपल्या संगणकावरची अक्षरं अडकायची. ती 'क' दाबायची आणि 'क' उमटेपर्यंत पुढचे दोन शब्द डोक्यातून जायचे. म्हणून तुम्ही तिसऱ्या पिढीचा, चार कोअरचा, जुन्याहून वेगवान प्रोसेसर पाठवलात.

शनिवारी पोशादादा तो घेऊन आले. पण हातात देईनात. "आधी जुना काढून दे. चाचांचा नियम हाय. जुनं हातात, मग नवं हातात."

मी म्हटलं, "अहो, बसवून तरी बघू द्या."

"बसवत बस तू. माझं दूध नासतंय."

टेंपो चालूच होता. मी पाच मिनिटांत स्क्रू काढले, जुना प्रोसेसर कागदात गुंडाळून दिला आणि नवा घेतला. तुमच्या चिठ्ठीत लिहिलं होतं तसा बसवला. खाचेला खाच, जोर न लावता, वर मुगाच्या दाण्याएवढी, उष्णता वाहून नेणारी पेस्ट. बरोबर बसला. तरी पडदा काळा.

माझं काय चुकलं?

आपली,
जागृती


कुंभिवली
२१ जानेवारी

बेटा जागृती,
दुआ.

यंत्र मेलेलं नाही. मेलेल्याचा पंखा फिरत नाही. पण ते जागंही झालेलं नाही. भाग्यश्रीला सांग, डोळे मिटून पडलंय आणि हाका मारल्या तरी उठत नाही. आमचा नातू हुजैफा शाळेच्या दिवशी असाच पडून राहायचा.

आता घाबरू नकोस आणि एका वेळी एकच गोष्ट कर. दोन केल्यास तर कशाने बरं झालं ते कळत नाही.

आधी रॅमची पट्टी काढ. तिच्या पिवळ्या दातांवर शाळेतलं खोडरबर हलकेच फिरव, परत बसव. नाही झालं तर बोर्डावर नाण्याएवढी बॅटरी आहे ती काढ, पंधरा मिनिटं बाहेर ठेव, परत लाव. नाही झालं तर प्रोसेसर काढून खालच्या सॉकेटमधल्या बारीक पिना बघ. उन्हात धर. शेतातल्या भातासारख्या सगळ्या एका दिशेला झुकलेल्या दिसल्या पाहिजेत. एखादी आडवी असेल तर बोट लावू नकोस, मला लिही.

आणि बोर्डावर कोपऱ्याकोपऱ्यात जे जे छापलंय ते उतरवून पाठव. माझ्या चष्म्याचा नंबर पुढे गेलाय, देताना मी ते वाचलं नव्हतं.

तुझ्या बाबांना, रामभाऊला सलाम. त्याला म्हणावं, कंपनी बंद पडून वीस वर्षं झाली, अजून एकदा तरी कुंभिवलीला चहाला ये.

तुझा,
झहीरचाचा


कडाव
२३ जानेवारी

आदरणीय चाचा,
सप्रेम जयभीम.

तिन्ही गोष्टी केल्या, एका वेळी एकच. खोडरबर भाग्यश्रीने फिरवलं, बॅटरीची पंधरा मिनिटं मी घड्याळात मोजली. पिना उन्हात बघितल्या, सगळ्या एका दिशेला आहेत. पडदा अजून काळाच.

बाबा शेजारी बसून बघत होते. म्हणाले, "झहीर कंपनीतपण असाच. मशीन बंद पडली की पहिला चहा मागवायचा. चहा येईपर्यंत मशीन घाबरून चालू व्हायची." मी चहाही करून बघितला.

बोर्डावरचं सगळं दुसऱ्या कागदावर उतरवलंय. एकच आकडा वाचता येत नाही. मॉडेलच्या पुढे 'रिव्हिजन', म्हणजे बोर्डाची कितवी आवृत्ती, असं छापलंय, पण त्यापुढचा आकडा कोणीतरी कधीतरी स्क्रूने खरवडलाय. एक असेल किंवा दोन.

चाचा, एक साधी विनंती. माझा जुना प्रोसेसर परत पाठवाल का? तो बसवून बघते. चालला, तर बोर्ड ठीक आहे हे कळेल.

आणि एक गोष्ट मी मागच्या पत्रात लिहिली नाही. सोनुबाई ज्या फार्महाउसवर साफसफाई करतात, तिथल्या बाईंनी भाग्यश्रीला एक तारखेपासून कायमच्या कामाला बोलावलंय. सोनुबाई माझ्याकडे आल्या होत्या. "नाय म्हणून सांगू का गं? अशी जागा पुना मिळायची नाय. तू शिकलेली हायस, तू सांग."

मी म्हटलं, "नाही म्हणून सांगा. मशीन तयार आहे."

तेव्हा मशीन तयार नव्हतं, चाचा. तुमचा प्रोसेसर यायचा होता, एवढंच. त्यांनी माझ्या शब्दावर नाही म्हणून कळवलं. त्या जागी आता बीडची एक बाई येते आहे.

जुना प्रोसेसर लवकर पाठवा.

जागृती


कुंभिवली
२५ जानेवारी

बेटा जागृती,
दुआ.

तू पाठवलेला कागद नातसुनेकडून वाचून घेतला. दुखणं सापडलं.

तुझा बोर्ड जुना आहे. सॉकेट तोच, म्हणून नवा प्रोसेसर त्यात बसतो. पण बोर्डाच्या पोटात बायोस म्हणून एक यादी असते, कोणाला ओळखायचं त्याची. तुझ्या यादीत दुसऱ्या पिढीपर्यंतचीच नावं आहेत. घरात सून आली, चुलीपाशी बसली, पण रेशनकार्डावर तिचं नाव चढलं नाही. दुकानदार तिच्या नावाचे तांदूळ देईल का? तसं झालंय. सून वाईट नाही आणि घरही वाईट नाही.

नाव चढवता येतं. कंपनीच्या साइटवरून नवा बायोस पेनड्राइव्हवर घ्यायचा आणि बोर्डात भरायचा. पाच मिनिटांचं काम. पण त्यासाठी यंत्र आधी जागं व्हायला हवं, म्हणजे त्यात ओळखीचा प्रोसेसर हवा. म्हणजे तुझा जुना.

तो दुकानात कुठेतरी आहे. शोधतो आणि पोशाबरोबर पाठवतो.

हे मला आधी सुचायला हवं होतं. माझं चुकलं.

झहीरचाचा


कडाव
२९ जानेवारी

आदरणीय चाचा,
जयभीम.

रविवार, सोमवार, मंगळवार आणि आज बुधवार. चारही दिवस मी सकाळी सहाला रस्त्यावर उभी होते. चारही दिवस पोशादादा म्हणाले, "म्हातारा म्हणतो उद्या." आज मी विचारलं, "ते शोधतायत तरी का?" तर ते टेंपोचा आरसा पुसायला लागले. पोशादादांना आरसा पुसताना मी कधी बघितलं नाही.

तुमचं दुकान मी पाहिलंय. दहा बाय दहाचं आहे. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी आहे. कुठल्या गावचा पंखा कुठल्या डब्यात आहे ते तुम्ही डोळे मिटून सांगता. त्या दुकानात एक प्रोसेसर चार दिवस सापडत नाही, हे मला खरं वाटत नाही.

मला वाटतं, तुम्ही पाठवलेला नवाच बिघडलेला आहे आणि ते तुम्हाला ठाऊक आहे. बायोसची गोष्ट त्यावरचं पांघरूण आहे. विहाराला फुकट दिलेल्या वस्तूबद्दल कोण जाब विचारणार, असं तुम्हाला वाटलं असेल.

विहारासमोर फ्लेक्स लागलाय. भाग्यश्रीचा फोटो, 'आपल्या विहारातून पहिली ऑनलाइन परीक्षा', आणि खाली 'संयोजक' म्हणून माझं नाव. समितीने लावला असं मी सगळ्यांना सांगते. मजकूर मी लिहून दिला होता. रोज त्याच्याखालून जाते. भाग्यश्री अभ्यासिकेत बसून काळ्या पडद्यासमोर नुसत्या कळा दाबून सराव करते. कीबोर्डचा आवाज येतो आणि काहीच उमटत नाही. मला तो आवाज सहन होत नाही.

अकरा दिवस राहिलेत.

जागृती रामभाऊ


कुंभिवली
२ फेब्रुवारी

बेटा जागृती,

तुझं पत्र मी तीन वेळा वाचून घेतलं. तिसऱ्या वेळी नातसून म्हणाली, "दादा, आता बास." एक गोष्ट तू चूक लिहिलीस आणि एक बरोबर. नवा प्रोसेसर बिघडलेला नाही. पण मी खोटं बोललो, ते खरं.

तुझा जुना दुकानात नाही. तो हमरस्त्यावरच्या, ट्रक तोलायच्या वजनकाट्यावर आहे, काटा चालवणाऱ्या नरेशच्या संगणकात.

माझा नियम तुला माहीत आहे. जुनं आल्याशिवाय नवं द्यायचं नाही, कारण लोक काढलेला तुकडा भंगारात घालतात आणि मग मला दुसऱ्याचं यंत्र जगवायला काही उरत नाही. पण नियमाचा दुसरा भागही आहे. तो मी कोणाला सांगत नाही, स्वतः पाळतो. आलेलं जुनं आठ दिवस शेल्फवर ठेवायचं. नवं चाललं नाही तर परत द्यायला.

तुझा शनिवारी सकाळी नऊला आला. दुपारी नरेश धावत आला. काट्याच्या संगणकाचा पंखा बंद पडला होता, यंत्र तसंच तापत राहिलं आणि प्रोसेसर गेला. खडीच्या गाड्या खालापूरच्या दिशेने रांगेत उभ्या. मालक फोनवर शिव्या देतोय. नरेश म्हणाला, "चाचा, काय पण करा, पण आज करा." माझ्याकडे त्या बोर्डात बसेल असा एकच होता. आठ दिवसांचा नियम मी चार तासांत मोडला. वर त्याला सांगितलं, बेफिकीर राहा, हा वर्षभर काढून नेणार नाही.

मग तुझं पत्र आलं. पहिल्याच दिवशी मला कळायला हवं होतं की जुना बसवून बघ म्हणावं. कळलंच होतं. म्हणून तर तुला खोडरबर फिरवायला लावलं.

वीस वर्षं लोक माझ्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांवर विश्वास ठेवतात. त्या पोशाला आरसा पुसायला लावला मी. त्याची माफी मागितली. तुझी मागतो.

झहीर


कडाव
४ फेब्रुवारी

प्रिय चाचा,
सप्रेम जयभीम.

'फुकट' हा शब्द मी लिहायला नको होता. बाबांना तुमचं पत्र वाचून दाखवलं आणि मी काय लिहिलं होतं तेही सांगितलं. ते बाहेर गेले, गोठ्यात उगाच दावं सोडून परत बांधलं. आत येऊन म्हणाले, "कंपनीत माझा हात पट्ट्यात गेला होता तवा झहीरने पट्टा बंद केला, स्वतःचा अंगठा देऊन. तू त्याला फुकटचं सांगतीस?" मला हे माहीत नव्हतं. तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

पण तुम्हीही सांगायला हवं होतं, चाचा. खोडरबर फिरवताना भाग्यश्री ओठांतल्या ओठांत प्रार्थना पुटपुटत होती. मी विचारलं तर म्हणाली, "नाय गं, काय नाय."

आता मला एक सुचलंय. चुकत असेल तर सांगा. माझा जुना नरेशदादांच्या बोर्डात चालतो, म्हणजे सॉकेट तोच. जळालेला मूळचा कुठल्या पिढीचा होता? तिसऱ्या असेल, तर त्यांच्या बोर्डाच्या यादीत तिसऱ्याचं नाव आधीच आहे. मग आमचा नवा त्यांच्यात बसवला तर काटा बंद न पाडता आमचा जुना आम्हाला मिळेल. तो इथे बसवायचा, बायोस भरायचा, मग पुन्हा अदलाबदल.

फक्त एक अडचण आहे. मी कंपनीची साइट बघितली. आमच्या बोर्डाचे दोन बायोस आहेत, एक रिव्हिजन एकचा, दुसरा दोनचा. चुकीचा भरला तर बोर्ड कायमचा जाईल असं लाल अक्षरांत लिहिलंय. आणि आमचा आकडा खरवडलेला. भिंग लावलं, पीठ चोळलं, मोबाइलने फोटो मोठा केला. भाग्यश्रीला एक दिसतो, मला दोन.

तुम्ही सांगाल तसं करते. पाच दिवस आहेत.

जागृती


कुंभिवली
६ फेब्रुवारी

बेटा जागृती,
दुआ.

नरेशचा मूळचा तिसऱ्याच पिढीचा होता. तुझं डोकं बरोबर चाललं. हे मला सुचलं नाही, कारण मी लपवण्यात गुंतलो होतो. लपवणाऱ्याचं अर्धं डोकं दाराकडे असतं.

पण ऐक. आकडा कळत नसताना बायोस भरू नकोस. मी एकदा असा बोर्ड घालवलाय, पेणच्या एका शिक्षकाचा. तो नुसता मान हलवून निघून गेला, अजून दिसतो मला. बोर्ड समोर असेल तर चिपवरच्या खुणांवरून रिव्हिजन मला ओळखता येईल. त्यासाठी मला तिथे यायला हवं. आणि मी उद्या म्हसळ्याला चाललोय. बहिणीच्या नातीचा निकाह आहे, आमची बेगम अमिरुन्निसा महिनाभर आधीपासून बॅग भरून बसलीय. सोमवारी रात्री परत. मंगळवारी मी स्वतः कडावला येतो. रामभाऊचा चहापण होईल.

तोवर संस्थेला लिही, परीक्षा आठ दिवस पुढे घ्या म्हणावं. मुलीची बाब आहे, ऐकतील.

आणि नरेशच्या यंत्राला मी नसताना हात लावू नकोस. मी त्याला शब्द दिलाय. एकदा मोडला तेवढा पुरे.

झहीरचाचा


कडाव
१० फेब्रुवारी

प्रिय चाचा,
सप्रेम जयभीम.

हे पत्र पोशादादा तुमच्या दुकानाच्या फटीतून आत टाकतील. निकाह छान झाला असेल. आधी हे वाचा आणि मग नरेशदादांकडे जा.

संस्थेला लगेच मेल केला, उत्तर शुक्रवारी सकाळीच आलं. एकच ओळ. तारीख बदलता येणार नाही, गैरहजर उमेदवार अपात्र. मी ती ओळ सोनुबाईंना वाचून दाखवली. मग हेही सांगितलं की मशीन तयार आहे म्हणाले तेव्हा ते तयार नव्हतं. त्या तांदूळ निवडत होत्या. निवडत राहिल्या. म्हणाल्या, "मग आता?" रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

शुक्रवारभर मी बोर्ड मांडीवर घेऊन बसले. जुना प्रोसेसर मिळवणं हातात होतं. बायोसच्या दोन्ही फाइली पेनड्राइव्हवर होत्या. एक निवडायची होती. निम्मी शक्यता होती की रविवारी परीक्षा आमच्या विहारात होईल, फ्लेक्सवर लिहिल्याप्रमाणे, सगळ्यांच्या समोर. मला ते फार हवं होतं. किती हवं होतं ते कळल्यावर मी पेनड्राइव्ह बाबांच्या खिशात टाकला आणि म्हटलं, "हा मला देऊ नका, मी मागितला तरी."

नवा प्रोसेसर नरेशदादांच्या यंत्रात चालणार हे तुम्हीच लिहिलं होतं. मग भाग्यश्रीनेच तिथे का जाऊ नये? बाकी काही दुरुस्त करायलाच नको.

शनिवारी मी काट्यावर गेले. आमचा प्रोसेसर, आमचा कॅमेरा आणि आमची हार्ड डिस्क घेऊन. म्हटलं, तुमची डिस्क काढून बाजूला ठेवू, तुमच्या वजनांना धक्का लागणार नाही. नरेशदादांनी सगळं ऐकलं.

"चाचा हाय का बरोबर?"

"नाही. ते नको म्हणालेत."

"नको म्हणालेत आणि तू आलीस?"

"तुमच्या संगणकातला प्रोसेसर मुळात आमचा आहे. हे तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते. पण मी तो मागायला आले नाही. उद्या अकरा ते साडेबारा तुमची केबिन मागायला आले आहे."

त्यांनी गाड्यांची वही चाळली. मग म्हणाले, "रविवारी कारखाने बंद. गाड्या कमी. मालकाला सांगतो, काटा डॉक्टरकडे गेलाय." पुढे म्हणाले, "बिघडलं तर?"

मी म्हटलं, "बिघडलं तर मी बिघडवलं, असं चाचांना आणि मालकांना लिहून देते." आणि खरंच लिहून दिलं. तो कागद त्यांच्याकडे आहे.

संध्याकाळी मी स्वतःच्या हाताने तो फ्लेक्स उतरवला. समितीतल्या गजाकाकांनी विचारलं, "आता परीक्षा कुठं?" मी म्हटलं, "वजनकाट्यावर." ते म्हणाले, "पोरगीचं वजन करतात व्हय?" सगळे हसले. मीही हसले.

रविवारी सकाळी आठला पोशादादांनी मला, भाग्यश्रीला आणि सोनुबाईंना दुधाच्या टेंपोतून नेलं. मी नरेशदादांचा पंखा काढला, जुनी पेस्ट पुसली, नवा प्रोसेसर बसवला. दुसऱ्यांदा स्क्रू खाली पडला तेव्हा पोशादादा म्हणाले, "मी धरू का टॉर्च? तू तुलाच धर." बटण दाबलं. पडदा उजळला आणि 'तयारी सुरू आहे' एवढंच लिहून थांबला. दहा मिनिटं. नरेशदादा त्यांच्या डिस्ककडे बघत होते, मी घड्याळाकडे. मग आमच्या अभ्यासिकेचं नाव पडद्यावर आलं. मी कॅमेरा लावला, भाग्यश्रीने 'क' दाबला आणि त्याच क्षणी तो उमटला. ती म्हणाली, "ताई, आता तू भायेर जा."

केबिन काचेची, म्हणून आम्ही आतून वर्तमानपत्रं चिकटवली होती. अकरा वीसला खडीची एक गाडी आलीच. ड्रायव्हर म्हणाला, "पाच मिनटाचं काम हाय, ओ." नरेशदादा त्याला समजावत होते तेवढ्यात सोनुबाई उठल्या आणि गाडीच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. "माझी पोर आत लिवतेय. हॉर्नला हात लावलास तर बग." त्याने इंजिन बंद केलं. तासाभराच्या वर तो काट्याशेजारी बसून राहिला. पोशादादांनी त्याला ताक पाजलं.

साडेबाराला भाग्यश्री बाहेर आली. घामाने ओली झाली होती. "शेवटचा उतारा अर्धा ऱ्हायला गं. पन अडकलं नाय कुठं. माझाच हात हळू पडला." निकाल महिन्याने आहे. पास होईल असं मी तिला सांगितलं नाही. मला माहीत नाही, एवढंच म्हटलं. सोनुबाई म्हणाल्या, "आता खरं बोलायला लागली बग."

यानंतर मी जे केलं त्यासाठी तुम्हाला विचारायला हवं होतं.

आधी ठरवल्याप्रमाणे जुना तात्पुरता आमच्याकडे आणायचा होता. तुम्ही मंगळवारी येणार, रिव्हिजन ओळखणार, बायोस भरणार. मग पुन्हा अदलाबदल, नवा आमच्याकडे, जुना नरेशदादांकडे. रिव्हिजन तुम्ही ओळखालही. पण अभ्यासिकेत आणखी सहा मुली आहेत. तीन आठवडे त्या कोऱ्या पडद्याकडे बघून घरी जातायत, आणि त्यांना टायपिंग शिकायला कॅमेरा लागत नाही. त्यांच्यासाठी जुना पुरेसा आहे. मला मात्र चार कोअरचा हवा होता, विहाराची शान म्हणून.

म्हणून मी नरेशदादांची डिस्क जागेवर लावली, एका रिकाम्या गाडीचं वजन करून आकडा बरोबर येतो का ते बघितलं आणि नवा प्रोसेसर तिथेच ठेवला. त्या बदल्यात नरेशदादांनी कबूल केलंय, कुठल्याही रविवारी आळीतल्या कोणाची कॅमेऱ्याची परीक्षा असेल तर काटा डॉक्टरकडे जाईल. हे त्यांनी कागदावर दिलं नाही. मी मागितलंही नाही.

जुना प्रोसेसर मी आज सकाळी सातला विहारातल्या बोर्डात बसवला. आठला मुली आल्या. हे लिहिते आहे तेव्हा त्यांतल्या दोघी कीबोर्डवरून भांडतायत आणि बाबांकडून परत घेतलेल्या पेनड्राइव्हवरच्या, आता न लागणाऱ्या दोन्ही फाइली मी पुसून टाकल्या आहेत.

तुमची,
जागृती